पावडरच्या डब्यातलं गिरमिट

आमच्या घरमालक काकांइतका प्रामाणिक माणूस मी आजवर पाहिला नाही, आणि नुसत्या प्रामाणिकपणाने एका घराचा इतका विध्वंस झालेलाही पाहिला नाही. दुसऱ्या कुणाच्या प्रामाणिकपणाने घरच्यांना पुण्य लागतं. काकांच्या प्रामाणिकपणाने काकूंच्या परातीला भोकं पडली, पोळपाटाच्या तोंडावर देवीचे वण उठले आणि एका भर दुपारी आमची अख्खी गल्ली रिकाम्या घागरी घेऊन एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. यातली एकही गोष्ट त्यांनी वाईट हेतूने केली नाही. वाईट हेतू ठेवायला जी थोडी सवड लागते, ती त्यांना नव्हतीच.

काका एका कचेरीत नकला करायचे. जुना कागद समोर ठेवायचा, त्याच्याबरहुकूम दुसरा लिहायचा, खाली ‘खरी नक्कल’ असं लिहून सही ठोकायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं. तत्त्व एकच. मुळात आहे ते नकलेत आलं पाहिजे, आणि मुळात चूक असेल तर तीही आली पाहिजे. कुणा एका जुन्या कारकुनाला काम करता करता घरची आठवण झाली असावी, कारण एका वारसांच्या यादीत तीन मुलग्यांच्या नावांखाली त्याने ‘म्हैस, काळी’ असं लिहून ठेवलं होतं. काकांनी नकलेत तिन्ही मुलगे उतरवले आणि चौथी म्हैसही उतरवली. ते तिघे भाऊ भांडायला आले तेव्हा काका शांतपणे म्हणाले, “मुळात म्हैस हाय. मी तिला काढनारा कोन?” म्हशीने हिस्सा मागितला नाही म्हणून प्रकरण मिटलं.

घरीही तेच. बाजाराची यादी काकू करायच्या आणि काका तिची एक प्रत काढून मूळ यादी घरी ठेवायचे, म्हणजे उद्या वाद नको. काकूंनी कोथिंबीर लिहून खोडली असेल आणि वर मेथी लिहिली असेल, तर काका आधी कोथिंबीर लिहायचे, मग ती खोडायचे, मग मेथी. बोलणंही कागदासारखंच. “सबब चहा व्हावा,” असं म्हणायचे, आणि आतून काकू म्हणायच्या, “अर्ज मिळाला. दूध न्हाई.”

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. सातवीत गणिताने मला सोडलं, मग मी शाळा सोडली. कोकणातला माणूस घर सोडतो तो मुंबईला जातो. मी परतूरला आलो. मावशीचे यजमान रेल्वेत होते, त्यांची बदली परतूर स्टेशनवर झाली, त्यांनी मला सोबत आणून एका बेकरीत चिकटवलं आणि काही दिवसांनी ते स्वतः बदली होऊन नांदेडच्या पुढे कुठे तरी निघून गेले. माझ्या बदलीचा हुकूम काही आला नाही. मी तेव्हा विशीतला होतो आणि मला सगळ्याचीच भीती वाटायची. पोस्टमन दिसला की वाटायचं, तार असणार. तो पुढे निघून गेला की वाटायचं, तार होती पण रस्त्यात हरवली. अशा माणसाला काकांनी पुढची खोली दिली. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, “भाडं राहू दे. नळ सांभाळ. सबब खोली घे.”

तो नळ म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगितलं पाहिजे. त्या काळी आमच्या गल्लीत पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी यायचं, कोणत्याही वेळी यायचं आणि पाऊण तासात जायचं. नळ अंगणातल्या खड्ड्यात होता. दोन पायऱ्या उतरून घागर भरायची, वर यायचं, हौदात ओतायची. काका दिवसभर कचेरीत, आणि काकूंचे गुडघे त्या पायऱ्यांशी अबोला धरून बसलेले. माझं बेकरीतलं काम पहाटे सुरू होऊन सकाळीच संपायचं, म्हणून दिवसभर मी नळाजवळ पोतं टाकून बसायचो. पाणी यायच्या आधी नळ खोकतो. नुसत्या हवेने खोकणारा नळ निराळा, पाणी घेऊन खोकणारा निराळा, आणि हा फरक सबंध गल्लीत मला सगळ्यात आधी कळतो असा माझा लौकिक झाला होता. घागरी काय, हमालही भरील. खोकला ओळखायचा तर मीच, अशी माझी पक्की समजूत होती, आणि त्या समजुतीच्या खांबावर माझी खोली उभी होती. म्हणून तीन वर्षं मी घरी गेलो नव्हतो. जायचं तर जाण्यायेण्यातच चार दिवस मोडणार, तेवढ्यात एखादा नळ हुकला तर? आईला लिहायचो, सध्या सवड नाही.

असं सगळं नीट भीत भीत चाललेलं असताना काकांच्या हाती रद्दीतून एक हिंदी मासिक आलं. विजेची खेळणी-यंत्रं घरच्या घरी कशी करायची, याचं ते मासिक होतं. त्याच्या मधल्या पानावर एक नक्षा होता. नळाखाली दोन तारा सोडायच्या, पाण्याने त्या भिजल्या की घरात घंटी वाजणार. काकांनी तो मला दाखवला. “हे पाय. पानी आलं का वाजतंय. मंग मानूस बसवायची गरजच न्हाई.”

शेवटचं वाक्य ते सहज बोलले. मी त्या दिवशी जेवलो नाही.

यंत्राचे सुटे भाग एका पट्टीवर बसवायचे असतात. पट्टीवर तांब्याचा पातळ थर असतो. त्यावर काळ्या रंगाने नक्षा काढायचा आणि पट्टी एका तांबड्या पाण्यात ठेवायची. ते पाणी उघडं तांबं खाऊन टाकतं, रंगाखालच्या रेघा तेवढ्या उरतात, आणि त्या रेघाच मग तारांचं काम करतात. काकांनी जालन्याहून सगळं सामान आणलं आणि सव्वीस जानेवारीच्या फलकावर सुद्धा कुणी काढणार नाही अशा निगुतीने, निब घेऊन, तीन संध्याकाळी बसून नक्षा उतरवला. खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘खरी नक्कल’ लिहून सही केली. तांबड्या पाण्यासाठी मासिकात ‘चौड़ा बर्तन’ एवढंच लिहिलेलं. ते पाणी तांबं खातं हे काकांना ठाऊक होतं, पितळेत तांबं असतं हेही ठाऊक होतं. पण मुळात ‘पितळी नको’ असं कुठे लिहिलं नव्हतं. घरातलं सगळ्यात रुंद भांडं काकूंची पितळी परात. सकाळी पट्टी सुरेख तयार झाली होती आणि परातीतून अंगण दिसत होतं.

“माह्या माहेरची परात,” काकू म्हणाल्या. “त्या तुमच्या पान्याला दुसरं जेवन न्हवतं का घरात?”

“त्याला तांबंच लागतं,” काका म्हणाले, जणू पाहुण्याचं पथ्य सांगताहेत.

आता पट्टीला भोकं पाडायची होती. चौतीस भोकं, प्रत्येक इतकं बारीक की त्यात सुईच जावी. सुट्या भागांचे तारेसारखे पाय त्यातून खाली घालायचे आणि मागून कथील वितळवून झाळायचे. काकांनी आधी एका फालतू तुकड्यावर खिळा ठेवून हातोडी मारली. तुकड्याचे दोन तुकडे झाले, आणि दोन्हींना अर्धं अर्धं भोक मिळालं. मग शेजारच्या सुताराचं गिरमिट आणलं. त्याचं एक भोक आणि आमची निम्मी पट्टी यांचं माप एकच निघालं. मला मनातून बरं वाटत होतं. पण मासिकाच्या शेवटच्या पानावर घरगुती गिरमिटाचीही कृती होती. लागणारं सामान: टेपमधली मोटार, एक डबा, टॉर्चचे सेल.

टेप काकूंचा होता. वर्षभर बंद पडून कोनाड्यात होता, त्यावर त्यांनी विणलेला रुमाल घातला होता. काकांनी रुमालाची घडी घातली, टेप उघडला आणि अक्रोडाएवढी मोटार काढून टेप पुन्हा बंद करून रुमाल घातला. काकूंनी टेप उचलताच त्यांना तो हलका लागला.

“बंदच व्हता ना,” काका म्हणाले.

“आजारी व्हता. मेला न्हवता.”

मोटार बसवायला हातात धरता येईल असा डबा पाहिजे होता. पावडरचा डबा मुठीत बराबर बसतो असं काकांनी घरातल्या सगळ्या वस्तू मुठीत धरून पाहून ठरवलं. डब्यात पावडर शिल्लक होती ती त्यांनी काढली, पण काढली म्हणजे वरची काढली. पहिल्यांदा मोटार सुरू केली तेव्हा झाकणाच्या भोकांतून सगळी उरलेली पावडर एका दमात बाहेर आली आणि काका एकदम लग्नाला निघाल्यासारखे दिसू लागले. पुढेही गिरमिट चाललं की खोलीभर गुलाबाचा वास यायचा. मी पुढे पुष्कळ यंत्रं पाहिली, बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र तर रोज हाताळलं, पण सुगंधी यंत्र ते एकच.

खरा घोळ मोटारीच्या दांड्याला बिट, म्हणजे भोक पाडणारं पोलादी टोक, जोडण्यात होता. दांडा जाड, बिट उदबत्तीच्या काडीहून बारीक. काकांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दोघांवर चढवली. मोटार फिरली, दांडा फिरला, बिट मात्र लग्नातल्या मामासारखा भलतीकडेच वाकून नाचायला लागला. मग विजेच्या जोडपट्टीतली पितळी नळी काढून तिच्या स्क्रूने दोन्ही आवळले. बिट नाचायचा थांबला, पण अख्खा डबा थरथरायला लागला आणि बिट मोडला. जालन्याहून तीनच आणले होते. दुसरा मोडला तेव्हा काकांनी दोन दिवस डबा कोनाड्यात ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून आपली पेन्सिल काढली. ती साधी पेन्सिल नव्हती. मागचं बटण दाबलं की पुढे पितळेची तीन बोटं उघडायची आणि शिसं धरून पुन्हा मिटायची. नोकरीला नवे लागले तेव्हा त्यांच्या वडिलांनी दिलेली. ती ते काकूंनाही हात लावू द्यायचे नाहीत. काकांनी ती तीन बोटं कापून काढली, मोटारीच्या दांड्यावर बसवली, त्यांच्या मुठीत शेवटचा बिट दिला. बिट असा सरळ उभा राहिला, जणू तो तिथेच जन्मला होता. काकांनी उरलेली पेन्सिल पुन्हा खिशाला लावली आणि म्हणाले, “शिसं धरत व्हती. आता हे धरंल.”

सेलही नवे आणायचे नव्हते. जुने सेल उन्हात ठेवले की त्यांच्यात जीव येतो यावर काकांची श्रद्धा, म्हणून गच्चीवर काकूंचे पापड आणि काकांचे सेल शेजारी शेजारी वाळायचे. एकदा उचलताना घाईत काकूंनी दोन्ही एकाच डब्यात भरले. पापड तळताना कढईत सेल पडायचा राहिला तो केवळ डबा खडखडला म्हणून.

एवढं होऊनही पहिल्या दिवशी गिरमिटाने भोक पाडलं नाही. बिट गरागरा फिरत होता, मी दाबत होतो, काका माझा हात दाबत होते, पट्टीवर फक्त एक चकचकीत ठिकाण तयार होत होतं. तासाभराने काकू डोकावल्या. “स्क्रू काढताना कसं फिरवता, तसंच फिरून राह्यलंय की ते,” म्हणाल्या आणि गेल्या. सेल उलटे घातले होते. काकांनी ते सुलटे घातले, आणि बिट लोण्यात जावा तसा पट्टीतून गेला. पट्टीतून गेला आणि खालच्या पोळपाटातही गेला, कारण पट्टी आम्ही पोळपाटावर ठेवली होती. चौतीस भोकं पाडून होईपर्यंत पोळपाटालाही तेवढीच पडणार होती. होळीला काकूंनी पुरणपोळ्या लाटल्या तेव्हा प्रत्येक पोळीवर बारीक पुटकुळ्यांची नक्षी उठली, आणि आम्ही तिघांनी तो नक्षा तुपाबरोबर खाल्ला. काका पोळी उजेडात धरून म्हणाले, “बराबर उतरलंय.”

भोकं पाडायचं काम माझ्याकडे आलं, कारण रेघा काका हाताच्या सवयीने ओढायचे, पण सुईएवढं भोक त्यांच्या चष्म्यातून दिसेना. पण माझा हात कापायचा. मला वाटायचं, बिट मोडला तर काका रागावतील. नाही मोडला तर यंत्र होईल, आणि यंत्र झालं तर माझं पोतं नळाजवळून उचललं जाईल. अशा दुहेरी भीतीत भोक सरळ कसं पडणार? ते लांबोडकं व्हायचं. काका शेजारी बसून बघत होते. एकाएकी म्हणाले, “तुमच्याकडं फनस झाडाच्या बुडालाच लागतो म्हनं. खरं का?”

मी म्हटलं, खरं. मग आमच्या परसातल्या फणसाचं सांगितलं, तो चोरायला आलेल्या माणसाला तो उचलेना म्हणून त्याने आमच्याच वडिलांना हाक मारली ते सांगितलं. सांगून होईपर्यंत दोन भोकं पाडून झाली होती, दोन्ही गोल. पुढच्या भोकाला त्यांनी खाडीतल्या होडीबद्दल विचारलं. त्याच्या पुढच्याला सुकवलेल्या मासळीबद्दल, नाक धरूनच. घरचं सांगताना माझा हात कापत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. असं रोज संध्याकाळी तीन-चार भोकं आणि तीन-चार गोष्टी चालल्या. एका संध्याकाळी मी सांगितलं, की भावाने लिहिलंय, सोमवारी बाजाराची होडी आली की आई धक्क्यावर जाते, उतरणाऱ्या माणसांत बघते आणि ‘मीठ आणायला गेले होते’ असं सांगून परत येते. काकांनी पट्टी माझ्या हातून काढून घेतली.

“किती भोकं राह्यली?”

“चोवीस.”

“जल्दी कर. बिलकुल टाइम घालवू नको आता.”

त्या दिवसापासून काका घाईवर आले. आधी हौस होती, आता कचेरीतून येऊन टोपी काढायच्या आधी विचारायचे, “किती झाली?” मी समजलो. माझे दिवस भरत आले होते.

आणि अशा मनःस्थितीत चौदाव्या भोकाशी वाकलेलो असताना मला तो ठिपका दिसला. नळाच्या दोन तारा जिथे जोडायच्या, त्या दोन रेघांच्या मधोमध तांब्याचा एक वेडावाकडा ठिपका होता आणि त्याने दोन्ही रेघा एकमेकींना जोडल्या होत्या. मी मासिक काढून पाहिलं. पानावर त्याच जागी एक डास चिरडलेला होता, वाळून काळा झालेला. काकांनी तो उतरवला होता. पायांसकट. त्याचे तीन पाय तांब्यात स्पष्ट दिसत होते.

मी शाळा सोडलेला माणूस, पण एवढं मला कळलं. पाण्याने जोडायच्या रेघा डासाने आधीच जोडल्या होत्या, म्हणजे यंत्र बरोबर चालणार नव्हतं, म्हणजे माझी खोली शाबूत राहणार होती. मी मासिक मिटलं आणि गप्प बसलो. ज्या माणसाने मला छप्पर दिलं त्याच्यासमोर, त्याच्याच घरचा चहा पीत, वीस दिवस गप्प बसलो. देवाने माझी भीती बघून एक डास पाठवला, असं मी स्वतःला समजावत होतो.

यंत्र पुरं झालं तो रविवार होता. काकांनी नळाखाली दोन तारा सोडल्या, सेल लावले, आणि त्याच क्षणी घंटी वाजायला लागली. नळ कोरडा होता. घंटी कसली, बोकडाच्या नरड्यावर पाय पडल्यासारखा आवाज होता तो. ‘काकांचं नळाचं मशीन’ सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, त्यामुळे दोन मिनिटांत घरोघरच्या बायका घागरी, बादल्या, पिंप घेऊन आपापल्या नळांवर धावल्या. पाणी कुठेच नव्हतं. मग त्या आमच्या दारात आल्या.

“काका, मशीन म्हनतंय आलं.”

“आलेलं न्हाई,” काका म्हणाले.

“मंग ते कामून बोंबलून राह्यलंय?”

काकांनी सेल काढले. बायका हसत गेल्या. एकीने जाता जाता म्हटलं, “आमचा कोकन्याच बरा. खोकला ओळखतो.” एरवी असं ऐकून मला आठवडाभर झोप लागली असती. तेव्हा मला खाली बघावंसं वाटलं.

काकांनी त्या दिवसापासून मासिक आणि पट्टी समोरासमोर ठेवून ताळा घ्यायला सुरुवात केली. एकेक रेघ बोट ठेवून मोजायची. “बराबर हाय. हेबी बराबर. बिलकुल बराबर.” मूळ आणि नक्कल जुळत होती, कारण काकांची नक्कल आयुष्यात कधी चुकलीच नव्हती. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी पट्टी कागदात गुंडाळली. “माह्याच्यानं न्हाई होत,” म्हणाले, आणि कोनाड्यात काकूंच्या रिकाम्या टेपशेजारी ठेवून दिली. सव्वीस-सत्तावीस वर्षं ‘खरी नक्कल’ म्हणून सही केलेल्या माणसाला आपली नक्कल खोटी ठरली असं वाटत होतं, आणि ते मी बघत होतो. माझ्याने ते सहन झालं नाही.

“काका, त्यात एक ठिपका जास्तीचा आहे.”

“मुळात हाय तो.”

“मुळात डास आहे.”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “छापलेला?”

“मेलेला.”

काकांनी मासिक डोळ्यांपासून अगदी लांब धरलं, मग नखाने तो डास हळूच खरवडला. खाली पांढरा कागद निघाला. “म्हंजी मी डासाची नक्कल केली.”

“आन खाली सही ठोकली,” आतून काकू म्हणाल्या.

काका माझ्याकडे वळले. “तू कवा पाह्यलंस?”

“चौदाव्या भोकाला.”

“मंग बोलला कामून न्हाईस?”

मी सांगितलं. यंत्र वाजायला लागलं की मला नळाजवळ बसवायची गरज उरणार नाही, मग खोली जाईल, मग मी कुठे जाऊ. तुम्ही जल्दी जल्दी म्हणत होता, ते मला काढायची घाई म्हणून, असं समजलो. हे सगळं मी जमिनीकडे बघत एका दमात सांगितलं. काका भिंतीकडे बघत होते. “सबब,” एवढंच म्हणाले. काकू पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या.

“अहो, सांगा की त्याला. लेकराला कामून टांगून ठेवलंय? अरे, तुझी माय धक्क्यावर जाऊन बघती म्हनून सांगितलंस ना तू, त्या दिवशी हे जेवले न्हाईत. म्हनले, आपल्या नळापायी पोरगं अडकून पडलंय. मशीन लवकर झालं पायजे, म्हंजी त्याला धाडता येईल. मी म्हनलं, मशीन कशाला पायजे, जा म्हना त्याला. तर म्हनले, तो तसा जानार न्हाई, नळाचं निमित्त सांगंल.”

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी पट्टी उजेडात धरली होती आणि पात्याने डासाचे पाय खरवडत होते, एकेक करून. ठिपका निघाला. सेल लावले. घंटी गप्प राहिली. काकांनी दोन तारांवर ओलं बोट ठेवलं आणि बोकड ओरडला.

“परवाच्या गाडीनं निघ,” ते म्हणाले. “सबब तयारी कर.”

मी गेलो. गाडी, मग दुसरी गाडी, मग एस.टी., शेवटी होडी. सोमवार नव्हता, तरी आई धक्क्यावर होती. मीठ आणायला आले होते, म्हणाली. वीस दिवस राहिलो आणि त्यातले पंधरा दिवस मला वाटत होतं की परत जाईन तेव्हा खोलीला दुसऱ्याचं कुलूप असेल.

परत आलो तेव्हा दार उघडंच होतं. हौद काठोकाठ भरलेला होता आणि काका पालथे झोपलेले होते. काकू त्यांच्या कमरेला बाम चोळत होत्या. पाणी चारदा आलं, चारदा घंटी वाजली, आणि चारदा काका काकूंचा निरोप मिळून कचेरीतून सायकल मारत येऊन खड्ड्यात उतरले होते. चौथ्या वेळी उतरले ते वर येईनात. गल्लीतल्या दोघांनी काढलं.

“मशीन चांगलं हाय,” काका उशीत तोंड घालून म्हणाले. “वाजतंय येळेवर. पर भरत न्हाई.”

“आला का,” काकू म्हणाल्या. “हातपाय धू. आन तो बाम हिकडं सरकव.”

एवढंच स्वागत झालं. मी हातपाय धुतले, बामाची बाटली दिली आणि मग माझ्या खोलीत जाऊन पिशवी नेहमीच्या खुंटीला लावली. त्यानंतर मी त्या घरात आणखी नऊ वर्षं राहिलो. दर उन्हाळ्यात घरी जायचो. जायच्या आधी हौद भरून ठेवायचो, आणि काका दरवेळी स्टेशनवर सोडायला येऊन गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे राहायचे. बायको आणली तीही त्याच खोलीत. काकूंनी तिला पहिल्या दिवशी नळ दाखवला आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या बोलण्यातलं ‘सबब’ म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

आता मी आष्टीला असतो. लहानशी बेकरी आहे. काका गेले, त्यांच्या पाठोपाठ काकू गेल्या, घर पुतण्यांनी विकलं. मालासाठी परतूरला जाणं होतं तेव्हा मी त्या गल्लीतून मुद्दाम जातो. अंगणातला खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली आहे, तिथे कुणाची तरी मोटारसायकल उभी असते. एकदा दार उघडं होतं आणि आतल्या बाईंनी विचारलं, कोण पाहिजे. भाडेकरू होतो म्हणावं तर भाडं कधी दिलं नव्हतं, आणि नातं सांगायचं तर त्याचं नाव काकांनी कुठल्याच कागदावर लिहून ठेवलेलं नाही. मी म्हटलं, पत्ता चुकला. आणि बाई भली होती, तिने मला कुठे जायचंय ते विचारून हात करून रस्ता दाखवला.